लाम्पामावशीची उशी

येवलाम्पिया साव्वातेयेव्ना हे लांबलचक नाव फक्त पासपोर्टात होतं. आमच्या लुझकी गावात लहानथोर सगळे तिला लाम्पामावशीच म्हणत. सामूहिक शेताच्या गोठ्यात तिनं जन्मभर गाई पिळल्या आणि तो पासपोर्ट तिला मिळाला तेव्हा तिची पन्नाशी उलटून गेली होती. देशातल्या देशात फिरायला लागणारा हा पासपोर्ट शेतावर राबणाऱ्या माणसाला कशाला हवा, असं तोवर सरकारचं मत होतं. गाईला तरी कुठं असतो?

पासपोर्ट देणारी माणसं तालुक्याहून आली. त्यांनी क्लबाच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली आणि एकेकाला तिच्यापुढं बसवून फोटो काढले. डोक्याचा रुमाल काढा, म्हणाले. लग्न झाल्यापासून लाम्पामावशीचं डोकं चारचौघांत कुणी उघडं पाहिलं नव्हतं. रुमालाची गाठ सोडायला तिला इतका वेळ लागला की फोटो काढणारा पोरगाच ओशाळला. त्या फोटोत ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. लाल पुठ्ठ्याचं ते पुस्तक हातात पडलं तेव्हा तिची शेजारीण ग्लाफिरा म्हणाली की आता तू माणसांत आलीस. लाम्पामावशीला आनंद काही झाला नाही. हे हरवलं तर काय, एवढंच तिच्या मनात आलं.

उगाच भिणाऱ्यांतली ती नव्हती. युद्ध संपून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा तिच्या थोरल्याचा, सेन्याचा घसा धरला. पोर चार वर्षांचं. गावचा कंपाउंडर म्हणाला, शहरात न्या, माझ्या हातातलं हे नाही. गाव सोडून जायचं तर शेताच्या अध्यक्षाचा सहीशिक्क्याचा दाखला लागे. ती संध्याकाळी त्याच्या दारात गेली. तो जेवायला बसला होता. "सकाळी ये," म्हणाला. लाम्पामावशी "बरं" म्हणाली आणि घरी आली. सकाळी गेली तर अध्यक्ष उजाडायच्या आत तालुक्याला निघून गेलेला. मग ती दाखल्याशिवायच पोराला शालीत गुंडाळून गाडीत चढली. मधल्याच एका स्टेशनावर पोलिसानं तिला उतरवलं आणि चौकशी होईपर्यंत बाकावर बसायला सांगितलं. चौकशी व्हायच्या आधी सेन्या त्याच बाकावर तिच्या मांडीवर गेला.

त्यानंतर तिनं पोलिसाला कधी शिव्या दिल्या नाहीत, अध्यक्षालाही नाही. तो मेला तेव्हा त्याच्या मर्तिकाला भाकरी भाजायलासुद्धा गेली. तिचा राग होता तो त्या "बरं"वर. ते आपण का म्हणालो, हे तिला तीस वर्षांत उमगलं नव्हतं.

सेन्याच्या पाठची तोस्या. तिनं बोटीवरच्या एका मेकॅनिकशी लग्न केलं आणि गेली कुठं, तर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अमूर नदीच्या काठी. नदीपलीकडं चीन. तिची दोन मुलं पोटातच गेली. आता तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिला आधीपासूनच सूतिकागृहात निजवून ठेवलं होतं. तिनं आईला लिहिलं, आई, यावेळी तू हवीस, मला फार भीती वाटते. सोबत बोलावण्याचा कागद होता. त्यावरून तालुक्याच्या पोलिसांनी सीमेच्या पट्ट्यात शिरायचा परवाना दिला. पासपोर्ट आणि परवाना, दोन्ही असल्याशिवाय त्या पट्ट्यात पाऊल टाकता येत नाही. हिरव्या टोप्यांचे सैनिक गाडीत चढतात आणि ज्याच्याकडं कागद नाहीत त्याला खाली उतरवतात. "उतरवतात" हा शब्द ऐकल्यावर लाम्पामावशीनं ते दोन्ही कागद पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले.

होणाऱ्या नातवासाठी ती उशी करत होती. आमच्याकडं आजीनं बाळाला उशी द्यावी अशी रीत आहे. आपल्या बदकांच्या पोटाखालची मऊ पिसं ती दोन हिवाळे साठवत होती. खोळ गावच्या दुकानातल्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची होती. दुसरं कापड मिळतच नव्हतं. कोपऱ्यात तिनं लाल दोऱ्यानं छोटं फूल भरलं. पिसं भरून झाली तेव्हा ग्लाफिरानं अक्कल पाजळली. म्हणाली, कागद पिशवीत ठेवशील तर गाडीतले चोर नेतील, अंगावर ठेवशील तर संडासात वाकलीस की पडतील रुळांवर. उशीत शिव. उशी कोण चोरतंय?

लाम्पामावशीला ते पटलं. तिनं पासपोर्ट आणि परवाना मेणकापडात गुंडाळून पिसांच्या मधोमध ठेवले आणि बारीक टाक्यांनी शिवण घातली. मग आमच्याकडं प्रवासाआधी बसायची रीत आहे तशा दोघी गाठोड्यावर क्षणभर गप्प बसल्या, आणि ती निघाली.

पहिले काही दिवस धड गेले. तिकिटाखेरीज कुणी काही मागितलं नाही. तिची खालची बर्थ होती, समोर इन्ना नावाची तरुण मास्तरीण. दोघींनी काकड्या, उकडलेली अंडी, डुकराची खारवलेली चरबी असं जे होतं ते एकत्र मांडून खाल्लं. लाम्पामावशी रेल्वेच्या उशीवर झोपे आणि आपली उशी भिंतीकडं घेऊन तिच्यावर हात टाके. खिडकीबाहेर जंगल सरत होतं ते संपतच नव्हतं. स्टेशनांवरची घड्याळं सगळी मॉस्कोची वेळ दाखवत, त्यामुळं बाहेर काळोख पडला तरी घड्याळात दुपारच असे. एवढा मोठा देश एका घड्याळावर चालवायचा म्हटल्यावर असंच होणार.

बैकालचं सरोवर मागं पडलं आणि दुसऱ्या दिवशी इन्नाचं स्टेशन आलं. लाम्पामावशी फलाटावर गरम बटाटे घ्यायला उतरली होती. इकडं आत डब्याची देखरेख करणारी नेल्ली इन्नाच्या डोक्यावर उभी होती, बिछाना मोजून द्या, लवकर. इन्नाची उशी घसरून बर्थच्या मागं पडलेली. रेल्वेच्या उशांची खोळही तशाच पट्ट्यांची, त्यामुळं समोरच्या बर्थवर दोन उशा बघून तिला वाटलं, त्यातली एक आपलीच. तिनं ती उचलून दिली, म्हाताऱ्या सोबतिणीला उद्देशून खिडकीतून हात हलवला आणि गेली. नेल्लीनं उशीवर शिक्क्याचा पांढरा अभ्रा चढवला आणि तिथंच चढलेल्या नव्या प्रवाशाला दिली.

लाम्पामावशी बटाटे घेऊन आली, बसली, भिंतीकडं हात घातला. हात रिकामा आला.

 तिनं गादी उचलली, दोन्ही बर्थखाली पाहिलं. समोरच्या बर्थखाली एक उशी होती, टणक, रेल्वेची. बटाट्यांचा कागद मांडीवरून घसरला, ते तिला कळलंही नाही. ती चहाच्या पाण्याच्या बंबापाशी नेल्लीकडं गेली आणि माझी उशी कुठं आहे म्हणून विचारू लागली. उशीत काय आहे हे सांगायची तिची छाती झाली नाही. पासपोर्ट असा शिवून ठेवणं हाही गुन्हाच असेल, कुणी सांगावं.

नेल्ली ग्लास विसळत होती. "गाडीतल्या उशा सरकारच्या असतात, मावशी. तुमची वेगळी कुठली?"

"घरची आहे गं पोरी. बदकाच्या पिसांची."

"मग शोधा. पण एक सांगते, सरकारी उशीला भोक पडलं तर मी पंचनामा करीन. मग रडू नका."

लाम्पामावशी डब्याच्या एका टोकापासून निघाली. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी घोरत होतं. ती प्रत्येकापाशी थांबे, माफ करा म्हणे आणि उशी चाचपून बघे. सगळ्या उशा सारख्या, गाठीगाठींच्या, अभ्र्यावर तोच शिक्का. एक खलाशी म्हणाला, मावशी, कोंबड्या विकत घेताय का, चांगली पुष्ट बघून घ्या. सगळे हसले. तीही हसली, कारण हसली नसती तर तिथंच बोबडी वळली असती.

सगळा डबा झाला. राहिली ती एकच उशी, तिच्याच समोरच्या बर्थवरची. ती लाम्पामावशीनं मुद्दाम शेवटी ठेवली होती. नवा प्रवासी चांगला कोट घातलेला, खिशाला दोन पेनं, चामड्याची बॅग. बिछाना घालताना त्यानं तिचं गाठोडं पायानं बाजूला सारलं होतं. ती मनात त्याला साहेब म्हणू लागली होती. साहेब चढल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडला होता. चहा नको म्हणाला, जेवला नाही. दोनदा फक्त उठून नेल्लीला विचारून आला की तपासणी नेमकी कुठल्या स्टेशनाला असते. आणि त्याचं डोकं उशीत पार कानापर्यंत रुतलं होतं. सरकारी उशीत डोकं रुतत नाही, ते वर तरंगतं. लाम्पामावशीला पिसांची पारख होती.

ती बर्थच्या कडेला टेकून बसली. इतक्या उशा चाचपून आली, आता हात पुढं होईना. त्याच्या मानेचा मागचा भाग थेट जुन्या अध्यक्षासारखा होता, जाड आणि लाल. कितीतरी वेळ शब्द जुळवून ती म्हणाली, "साहेब, डोक्याखालची उशी माझी आहे. बदलून घ्याल का?"

तो वळलासुद्धा नाही. "सकाळी बघू."

आणि लाम्पामावशी म्हणाली, "बरं."

आपल्याच तोंडून तो शब्द निघालेला तिनं ऐकला. तीस वर्षांनी तोच शब्द, तसाच, न विचारता. तिनं तोंडावर रुमाल दाबला. रात्रभर ती बसून राहिली. तोस्या एकटी पडली आहे, दोन गेली, हे तिसरं, आणि आपण इथं पुन्हा कुठल्या तरी स्टेशनात बाकावर बसणार. तिच्या डोळ्यांपुढून तो बाक हलेना. बाकाच्या दांडीवर कुणीतरी चाकूनं नाव कोरलं होतं. नाव आठवत नव्हतं, पण कोरलेलं आठवत होतं.

उजाडलं. बाहेर बर्फाची पातळ साय पडली होती. गाडी एका लहान स्टेशनात थांबली आणि डब्याचे दोन्ही दरवाजे एकाच वेळी उघडले. हिरव्या टोप्या. लांब कुठूनतरी आवाज आला, नागरिकांनो, कागद तयार ठेवा. डब्यातली बोलणी एकदम बंद झाली. पत्तेवाल्यांनी पत्ते लपवले, जसं काही पत्त्यांनाही परवाना लागतो.

साहेब उठून बसला होता. उशी त्यानं पाठीशी धरली होती. त्याचा चेहरा पीठ लावल्यासारखा पांढरा झाला होता, पण लाम्पामावशीला तेव्हा दुसऱ्याचा चेहरा बघायची शुद्ध नव्हती.

"साहेब, उशी द्या."

"बाई, जागेवर बसा. या वेळी कसली उशी?"

बुटांचा आवाज शेजारच्या कप्प्यापर्यंत आला.  परत बसावं, असं तिच्या अंगातलं प्रत्येक हाड सांगत होतं. ती उभी राहिली, दोन्ही हातांनी उशी धरली आणि गाईच्या पायात अडकलेली बादली ओढावी तशी ओढली. साहेब अर्धा आडवा झाला. तिनं अभ्रा उपसला. कोपऱ्यात लाल फूल होतं. मग तिनं शिवणीला दात लावले.

नेल्ली धावत आली, पंचनामा, पंचनामा करत. शिवण उसवली आणि दोन हिवाळ्यांची पिसं भस्सकन बाहेर आली. ती पत्तेवाल्यांच्या केसांत बसली, चहाच्या ग्लासांत पडली. कप्प्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिलेल्या तरुण लेफ्टनंटच्या टोपीवर, भुवयांवर, खांद्यावरच्या ताऱ्यांवर अलगद उतरली.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला.

 लाम्पामावशीचा हात कोपरापर्यंत उशीत होता. मेणकापड लागलं. तिनं ते बाहेर काढलं, उलगडलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. इतक्या घाईनं की त्यानं पासपोर्ट घेतला तो जवळजवळ झेलला. त्यानं फोटो पाहिला, मग तिच्याकडं पाहिलं. रुमाल सुटून मागं गेला होता, डोकं उघडं, डोळे तसेच चोरासारखे. फोटो इतका हुबेहूब कुणाचाच जुळला नसेल. त्यानं परवाना वाचला, तारीख पाहिली, फुंकर घालून नाकावरचं पीस उडवलं.

"कुणाकडं चाललात, आजी?"

"लेकीकडं. बाळंतपणाला."

"जा," तो म्हणाला आणि साहेबाकडं वळला.

साहेबानं कागद दिले. आपण कुठल्या खात्याचे, कुठं तातडीचं काम आहे, हे तो फार भराभर सांगू लागला. लेफ्टनंटनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की नागरिक पोरोशिन, तुमच्या परवान्याची मुदत काल संपली. साहेब म्हणाला, अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे, तार करा, विचारा. लेफ्टनंट म्हणाला, "सामान घ्या." आवाज चढवला नाही. त्याला चढवावा लागतच नाही.

तेव्हा कुठं लाम्पामावशीनं त्या माणसाचा चेहरा नीट पाहिला. त्याला बॅगेचा पट्टा बसवता येत नव्हता. हा चढल्यापासून भिंतीकडं तोंड करून का पडला होता, चहा का नको होता, ते तिला एकदम कळलं. ती रात्रभर त्याला भ्याली होती आणि तो तिच्याहून जास्त भेदरलेला, तिच्याच उशीवर पडून होता.

खिडकीतून तिनं पाहिलं. सैनिक पुढच्या डब्यात गेले होते. तो फलाटावर उभा होता, बॅग पोटाशी धरून, उघड्या डोक्यानं. समोर कचेरीचं दार होतं. त्या दाराकडं तो बघत होता आणि जात नव्हता. खिडकीतून आत एक बाक दिसत होता.

गाडीतून खाली उतरणं हे लाम्पामावशीला विहिरीत उतरण्यासारखं होतं. गाडी सुटली तर? परत चढू दिलं नाही तर? तिनं पासपोर्ट मुठीत धरला, दुसऱ्या हातात निम्मी उरलेली उशी घेतली, तिच्यात काळ्या पावाचे वाळवलेले तुकडे कोंबले आणि पायऱ्या उतरली. नेल्लीनं ओरडून विचारलं, आता कुठं निघालात. ती थांबली नाही.

तिनं उशी पोरोशिनच्या काखेत दिली.

"घ्या. त्या बाकावर डोक्याखाली लागेल."

त्यानं ती घेतली. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं.

"आत जा. दार वाजवा," लाम्पामावशी म्हणाली. तिला धाप लागली होती. "सकाळी या म्हणतील. बरं तेवढं म्हणू नका. तिथंच उभे राहा."

तो तिच्याकडं बघत राहिला. "बरं," तो म्हणाला.

शिट्टी झाली. नेल्लीनं तिला दंडाला धरून वर ओढून घेतलं आणि वेडी म्हातारी, वेडी म्हातारी म्हणत बंबाचा पहिला कडक चहा तिच्या हातात दिला. पंचनाम्याचं पुन्हा नाव काढलं नाही. गाडी हलली तेव्हा पोरोशिन दाराकडं निघाला होता. त्यानं ते वाजवलं का, हे दिसायच्या आत वळण आलं. उरलेल्या वाटेवर डब्यातली माणसं कपड्यांवरची पिसं टिपून तिला आणून देत होती, आणि ती रुमालात बांधून ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी जावई स्टेशनावर होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाला, पहाटेपासून कळा सुरू झाल्यात, मला आत घेत नाहीत, काही सांगतही नाहीत. तो तिला सरळ सूतिकागृहात घेऊन गेला. दारावर पांढऱ्या टोपीतली एक धिप्पाड बाई होती. लाम्पामावशीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. लेकीनं बोलावलंय, असं सांगितलं.

"भेटीगाठी बंद आहेत," बाई म्हणाली. "उद्या सकाळी या."

जावई निमूट मागं फिरला. आतून, लांबून, कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. तो तोस्याचा होता की दुसऱ्या कुणाचा, सांगता आलं नसतं.  लाम्पामावशीच्या जिभेवर शब्द आला होता, नेहमीचा, जन्माच्या सवयीचा. तिनं तो गिळला. मग दाराच्या आतल्या बाजूला बाक होता त्यावर जाऊन बसली आणि पिसांचा रुमाल मांडीवर ठेवला.

बाई म्हणाली, ऐकू आलं नाही का. लाम्पामावशी म्हणाली, आलं. बाई म्हणाली, मग उठा. लाम्पामावशी उठली नाही. बाई निघून गेली. बऱ्याच वेळानं परत आली, तर म्हातारी तशीच, तिथंच. भीतीनं पांढरीफटक, मुठीत लाल पुठ्ठा.

बाईनं उसासा टाकला, खुंटीवरचा पांढरा झगा काढला आणि तिच्या खांद्यावर टाकला. पासपोर्ट तिनं मागितलाच नाही.